आजेसासूचा फणस

पूर्वी वेणुवती नगरात महाबल नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा मुख्य सुतार होता. लाकडावर त्याचा फार जीव. आपल्या हाताचा थोडा गर्वही होता, पण काम पाहिले की तो गर्व माफ करावासा वाटे.

एकदा राजाने अपूर्व सभागृह बांधायचे मनावर घेतले. "दक्षिणेच्या रानातून खांब आण," तो म्हणाला. "तिथे नांगर फिरलेला नाही, बांध घातलेला नाही. म्हणजे ते रान कुणाचेच नाही. आणि रिकाम्या हाताने आलास, तर तो हात मनगटावर राहणार नाही."

तोडकऱ्यांना घेऊन रानात शिरताच बोधिसत्त्व हरखून गेला. ऐन, मोह, आंबे, किंजळ, आणि मधोमध एक फणस, चौघांच्या कवेत न मावणारा. सभागृहाचा मधला खांब त्याला तिथेच दिसू लागला.

झाड तोडण्याआधी त्याला विचारायची सुतारांची जुनी रीत होती. बुंध्याशी अक्षता वाहून बोधिसत्त्व मोठ्याने म्हणाला, "या झाडावर कुणाचा हक्क असेल, त्याने सांगावे." असे म्हणायचे आणि लगेच कुऱ्हाड उचलायची, हेच वाडवडिलांपासून चालत आले होते. उत्तरासाठी थांबायचे असते, हे कुणाच्या डोक्यातही आले नव्हते.

"माझा हाय की!" झाडातून आवाज आला.

तोडकऱ्यांनी कुऱ्हाडी टाकून धूम ठोकली. बोधिसत्त्व मात्र जागचा हलला नाही. तेवढ्यात बुंध्यामागून कंदांची पाटी घेतलेली एक म्हातारी पुढे आली. सावरी तिचे नाव.

"माझ्या आजेसासूनं लावलाय ह्यो. तुला कशापायी पायजे?"

"आजी, मला वाटलं, हे रान आपोआप उगवलंय."

"आपोआप?" सावरीला हसू आवरेना. "आरं, हितं आमचं शेत हुतं. चार पावसाळं पिकवायचं, मग जमीन दमती. तिला सोडताना फणसाच्या आठळ्या, आंब्याच्या कोयी पेरायच्या नि म्होरं सरकायचं. नातवंडं फिरून येत्यात तवर रान उभं ऱ्हातं."

बोधिसत्त्वाने पुन्हा भोवताली पाहिले आणि त्याचे डोळे भरून आले. आपण आयुष्यभर खांब उभे केले. या माणसांनी अख्खे रान उभे केले होते, आणि तेही ज्यांची तोंडे कधी दिसणार नाहीत अशांसाठी. त्याला त्यांचा मनापासून हेवा वाटला. कुऱ्हाडी गोळा करून तो रिकाम्या हाताने परतला.

राजा संतापला. "रानाला कसला आलाय मालक?"

"महाराज, एकदा आपणच येऊन विचारा. उत्तर आले नाही, तर माझा हात घ्या."

राजा हत्ती आणि शिपाई घेऊन आला. तो लवाजमा पाहताच रानातली माणसे भेदरून दडून बसली. राजाने फणसासमोर विचारले. पानही हलले नाही. त्याने पुन्हा विचारले. कुणीही बोलले नाही.

झुडपाआड सावरीच्या लुगड्याचा काठ बोधिसत्त्वाला दिसत होता. एक हाक मारली असती, तर हात वाचला असता. पण हाकेसरशी भाल्यांची टोकेही तिकडेच वळली असती. त्याने मान खाली घातली आणि उजवा हात फणसाच्या मुळीवर ठेवला. शिपायाने तलवार उपसली.

"थांब!" सावरी धावत आली आणि त्या हातावर आडवी पडली. "माझ्या आजेसासूचं झाड हाय! त्यापायी ह्याचा हात कशाला?"

ती पुढे झाल्यावर बाकीच्यांना दडून राहवेना. "ह्यो आंबा माझ्या चुलत्याचा!" एकजण ऐनामागून ओरडला. "ह्यो मोह आमच्या आईचा!" दुसरीकडून हाक आली. पुढचा आवाज लांबचा, त्यापुढचा त्याहून लांबचा. राजा हत्तीवरून उतरला आणि त्या आवाजांमागे चालू लागला. बराच वेळ चालला, तरी आवाज सरेनात.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने स्वतः बोधिसत्त्वाला हात धरून उठवले. मग सावरीकडे वळून तो म्हणाला, "आजी, मागितले तर एखादे झाड द्याल?"

"मागितल्यावर न्हाई कसं म्हणायचं? वढ्याकाठी एक किंजळ वाळून उभा हाय. त्यो न्या."

एकाच किंजळाचे सभागृह ते केवढे होणार? दरबाऱ्यांना मांडीला मांडी लावून बसावे लागे आणि ते कुरकुरत. राजा मात्र त्या खांबाला टेकून खुशीत बसे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, सांगितली ती एका तक्रारीवरून. कोट्टिल नावाच्या भिक्षूने विहाराच्या पडवीसाठी सुजंबा या उपासिकेचे झाड तिला न विचारता पाडले होते. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा हा कोट्टिल, सावरी ही सुजंबा आणि सुतार मीच होतो. दिले नाही ते न घेणे, हे शील. विचारून गप्प उभे राहावे, आणि समोरचा भीतीने गप्प असेल, तर तो होकार समजू नये."

कोट्टिल उठला आणि सुजंबेच्या दारी जाऊन उभा राहिला. तिने दार उघडायला फार वेळ लावला. तो थांबला.