खांबावरचे दोरे

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा व्यापारी बैलगाड्यांतून गावोगाव हिंडत. एका राज्यात त्या काळी अशी रीत होती की, जो कोणी व्यापाऱ्याकडे गिऱ्हाईक धाडील त्याला व्यापारी नफ्यातला वाटा देई. धाडणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या मनगटाला त्या व्यापाऱ्याच्या रंगाचा दोरा बांधायचा आणि आपली खास गाठ मारायची. गाठ बघितली की व्यापाऱ्याला कळे, हे माणूस कुणाच्या शब्दावर आलं आहे.

तिथल्या एका गावात एक सुईण राहत होती. अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं. संध्याकाळी तिच्या ओट्यावर बायका जमत, बाळाला काय द्यावं, बाळंतिणीला कुठलं तेल लावावं ते विचारत, आणि ती सांगेल ते डोळे मिटून करत.

मग तिची लेक नवरा गमावून, कडेवर तान्हं मूल घेऊन माहेरी आली. घर चालेना. सुईणीने तेल्याचा दोरा घेऊन ओट्याच्या खांबाला बांधून ठेवला; तेल घ्यायला जाणाऱ्या बाईच्या मनगटाला त्यातलाच तुकडा बांधायचा. तेल चांगलं होतं, कुणाची तक्रार नव्हती. पुढे तिने घुटीवाल्याचा दोरा घेतला, पाळणेवाल्याचा घेतला, बांगडीवाल्याचाही घेतला. माल कसा आहे ते बघायचंही तिने सोडून दिलं. घुटीने पोरांची पोटं बिघडली, तरी तो दोरा खांबावर होताच. तापाने फणफणलेलं मूल घेऊन कुणी आलं, तरी त्याच्या आईच्या मनगटाला काहीतरी बांधूनच ती पाठवू लागली.

तुम्ही तिला लोभी म्हणाल. माझ्याच्याने म्हणवत नाही. पण ओटा रिकामा पडत गेला, हे खरं.

आता राहिला होता घोंगड्यांचा व्यापारी. त्याचा माल असा की आजोबांची घोंगडी नातू पांघरी. त्याचा दोरा मिळाला तर घर तरणार होतं. नाही मिळाला तर लेकीला मूल घेऊन परमुलखात कामाला जावं लागणार होतं. सुईणीने त्याला निरोप धाडला.

हा व्यापारी दोरा देण्याआधी मागणाऱ्याच्या दारी एक संध्याकाळ बसून राही. सुईणीला ते ठाऊक होतं. तिने खांबावरचे सगळे दोरे नीट पसरून लावले, म्हणजे आपली पत दिसेल. आणि शेजारणींना सांगून ठेवलं, "ओट्यावर येऊन बसा गं. गूळ-शेंगदाणे देईन."

ठरल्या संध्याकाळी व्यापारी येऊन ओट्यावर बसला. बायकाही आल्या. त्यांनी गूळ-शेंगदाणे खाल्ले, आपापसात गप्पा मारल्या आणि वाटी रिकामी होताच एकेक करून उठून गेल्या. सुईणीला कुणी काहीच विचारलं नाही.

तेवढ्यात आत मूल रडू लागलं. त्याचं पोट दुखत होतं. सुईण उठली आणि दारातून लेकीला म्हणाली, "ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम कर आणि हलक्या हाताने पोट शेक. आत्ता निजेल बघ."

लेक मुलाला घेऊन उंबऱ्यापाशी आली. तिने आईकडे बघितलं, मग खांबाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आई, हा ओवा कुणाच्या दोऱ्यातला?"

"अगं, आपल्या परसातला आहे."

मुलाला छातीशी धरून लेक पलीकडच्या घरी काय करावं ते विचारायला गेली.

व्यापारी उठला. सुईणीने हात जोडले. "शेटजी, नाही म्हणू नका. लेक दूर जाईल माझी."

"मावशी, मला वाईट वाटतंय," व्यापारी म्हणाला. "मी नकार देतोय तो तुमचं घर गरीब आहे म्हणून नाही. दुसऱ्यांचे दोरे आहेत म्हणूनही नाही. माझा दोरा खांबाला बांधून चालत नाही, तो शब्दाला बांधावा लागतो. तुमचा शब्द आज तुमच्या लेकीनेही घेतला नाही. मी कशाला बांधू?"

तो गेला. थोड्याच दिवसांत लेकही गेली. निघताना सुईणीने तिला मुलाच्या झोपेबद्दल, कान झाकण्याबद्दल पुष्कळ सांगितलं. सगळं खरं होतं आणि त्यात कुणाचाच वाटा नव्हता. लेकीने मान डोलावली, परक्या माणसाचं ऐकून घ्यावं तशी.

त्यानंतर सुईणीने सगळे दोरे सोडून चुलीत घातले. खांबावर मात्र त्यांचे रंग उतरले होते. तिने पुष्कळ घासले, पण ते निघाले नाहीत. रोज संध्याकाळी ती ओटा सारवून वाट बघत बसे. गरोदर बायका रस्त्याने येत, खांबाकडे बघत आणि पुढे जात.

म्हणून बाळांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपला शब्द येईल त्याला विकणाऱ्याकडे शेवटी आपल्या माणसाला देण्यापुरताही शब्द उरत नाही.