थांबलेल्या जिन्यावरची मूठ

आज आभाळ भरून आलंय, वारा पडलाय, उकाडा सोसवत नाही. या, आत फरशीवर बसा, जरा गार वाटेल. एवढा काचेचा मॉल, वर झुंबर, आणि बंद पडलेल्या सरकत्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर मूठभर कोथिंबीर. येणारा प्रत्येक जण विचारतो. हे सगळं घडलं तेव्हा मी लसूण घेऊन दुसऱ्या गावच्या बाजारात बसायचो, म्हणून ऐकलं तेवढंच सांगतो.

मॉलच्या आधी इथं गुरुवारचा बाजार भरायचा. मधोमध शेंदूर लावलेला दगड होता, बाजाराचा देव. आपल्या मालातली पहिली मूठ त्याच्यापुढं ठेवल्याशिवाय कुणी विक्रीला हात लावत नसे. फुलचंदशेठनं जागा घेतली तेव्हा त्याच दगडावर हात ठेवून सांगितलं म्हणे, गुरुवारी तुमची बसायची जागा तुमचीच राहील, आणि देव हलणार नाही.

पण सरकता जिना नेमका तिथंच आला. शेठनं देव हलवला नाही. त्याच्यावरच जिना बांधला, आणि कुणाला सांगितलं नाही. उद्घाटनानंतर बाजारकऱ्यांना पहारेकरी दारातच अडवू लागले. बाकीचे दुसरीकडं गेले. हौसाबाई लोखंडे मात्र दर गुरुवारी येऊन दाराबाहेर बसायची. मूठ ठेवायला देव दिसेना, म्हणून पाटीवरचं फडकंच काढायची नाही. संध्याकाळी सुकलेली कोथिंबीर तशीच घरी न्यायची. तिच्या घरची चूल त्या पाटीवरच पेटायची.

असं सांगतात, तेव्हापासून गुरुवार आला की जिना थांबायचा. शहरातून मिस्त्री आले, दमून गेले. मग तो कायमचाच थांबला. अत्तरवाला गेला, बूटवाला गेला, वरचा मजला ओस पडला. शेवटी शेठ बाहेर आला आणि हौसाबाईसमोर उन्हात बसला.

"मावशी, देव जिन्याखाली आहे."

"मग सांगायचं होतंस," ती म्हणाली. "तिथंच ठेवली असती मूठ."

तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि आत गेली. पहारेकऱ्यानं दार उघडून धरलं म्हणे. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिनं मूठ ठेवली, आणि पुढच्या गुरुवारपासून बाकीचेही आत येऊन बसू लागले.

आजही गुरुवारी आम्ही झुंबराखाली बसतो. जिना हलला नाही, गेलेली दुकानं परतली नाहीत. हौसाबाई वारली, शेठ थकला. मॉल विकणार म्हणतात. नवा मालक बसू देईल का, कोण जाणे. मागच्या गुरुवारी मीही कंटाळलो. शेजारी बसणाऱ्या जैनबीला म्हणालो, एवढ्या मुठी ठेवून मॉल काही सावरेना, कशाला ठेवायच्या आता. ती मिरच्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"आबा, मॉलसाठी कुठं ठेवतोय आपण? खाली तो एकटा पडलाय. बाजार भरलाय, हे त्याला कळायला नको?"