शकुनाचा एक

आटपाट गावात यमुनेचं लग्न होतं, आणि नवऱ्यामुलाचे मामा त्र्यंबकशास्त्री पडले गणिती. मांडवात आले ते दारापासून बोहल्यापर्यंत रांगोळीने नवांची एकच ओळ मांडून उभे राहिले.

"ही सर्वांत मोठी संख्या," म्हणाले. "नवाहून मोठा आकडा नाही, आणि मांडवात बोटभर जागा नाही. हिच्याहून मोठी मांडा, नाहीतर वरात परत नेतो."

यमुनेच्या बापाचा चेहरा उतरला. तेवढ्यात यमुनेची येसूआत्या पदर खोचून पुढे आली.

"अहो शास्त्रीबुवा, एवढं मांडलंत आणि शकुनाचा एक विसरलात? आमच्यात त्याच्यावाचून आहेरसुद्धा करत नाहीत."

"घाला की बाई! एकाने काय होतंय?"

"बोहल्याजवळच्या नवात घातला. दहा झाले. तिथं शून्य मांडा आणि हातचा एक दाराकडे न्या. संख्या तुमची, तुम्हीच न्या."

शास्त्री वाकले. नऊ पुसला, शून्य मांडलं. त्याच्या शेजारचा नऊ, त्याचंही शून्य. निम्म्यात त्यांना उमगलं, पण हातचा काही थांबेना. एवढी नवांची फौज त्या एकापुढे शून्य होत चालली होती, आणि सगळा मांडव बघत होता.

दाराशी शेवटचा नऊ गेला, तरी हातचा उरलाच. त्याला आत जागा नव्हती. शास्त्रींनी तो दाराबाहेर मांडला आणि पगडी काढून त्याला नमस्कार केला.

वरात निघाली ती यमुनेला घेऊनच. त्या एकाला मात्र कुणी पाय लागू दिला नाही.