पडद्यावरचं उंबराचं पान

एका जंगलाच्या अगदी काठाला, जिथून गावातल्या कोंबड्याचं आरवणं ऐकू येतं, तिथल्या उंबरावर एक कावळी राहत असे. तिच्या घरट्यात एक कॉम्प्युटर होता. आता लगेच तोंड उघडू नका! कावळीकडे कॉम्प्युटर कुठून आला, वीज कोण देत होतं, असले प्रश्न मला विचारायचे नाहीत. गोष्टीतला ससा टोपी घालून लग्नाला निघतो, तेव्हा टोपी कुठल्या दुकानातली, हे विचारता का कधी? मग झालं तर. होता कॉम्प्युटर.

ही कावळी तोंडाने फटकळ होती, पण पिल्लांवर जीव टाकणारी. तिची मोठी पिल्लं पंख फुटले तशी उडून गेली. गेली ती गेली, कावळ्यांची रीतच आहे. धाकट्याचा मात्र डावा पंख जन्मापासून अधू होता. तो कधी उडालाच नाही. आई गावात गेली की तो एकटा कॉम्प्युटरसमोर बसायचा, त्याच्याशी गप्पा मारायचा, गाणी म्हणायचा, शेजारच्या खारीशी भांडायचा, आणि कॉम्प्युटर ते सगळं साठवून ठेवायचा. संध्याकाळी पंखांची फडफड ऐकू आली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "आई, आलीस? काय आणलंस?" मग कावळी चोचीतली वस्तू त्याच्यापुढे टाकायची. कधी बाटलीचं झाकण, कधी फुटक्या बांगडीचा तुकडा, कधी चॉकलेटवरची चांदी. कावळ्यांना चकचकीत वस्तूंचा नाद असतोच. हिने तो नाद लेकासाठी वाढवला.

पुढे एका थंडीत धाकटा आजारी पडला. शेवटी शेवटी त्याला इतकी धाप लागायची की एक शब्द बोलताना दोनदा थांबावं लागायचं. "आ… आई… आ… लीस?" असं तो म्हणायचा, आणि कावळी म्हणायची, "नको रे बोलूस, कळलं मला." मग एके दिवशी ती परतली, तर घरट्यातून कुणी काही विचारलंच नाही.

त्यानंतर तिने एक नेम धरला. संध्याकाळी घरी आली की आधी कॉम्प्युटर लावायचा. त्यातून लेकाचा खणखणीत आवाज यायचा, तो बरा होता तेव्हाचा. "आई, आलीस? काय आणलंस?" कावळी म्हणायची, "आले रे राजा." आणि चोचीतली चकचकीत वस्तू पडद्यापुढे ठेवायची. ज्यांना हसू येत असेल त्यांनी खुशाल हसावं. मला नाही येत.

त्याच सुमारास जंगलात कॉम्प्युटरच्या व्हायरसची साथ आली. एका सकाळी पोपटाची सगळी गाणी गायब झाली. साळिंदराच्या कॉम्प्युटरमध्ये लेकीच्या लग्नाचे फोटो होते, तिथे नुसत्या काळ्या चौकटी उरल्या. हे कावळीच्या कानावर आलं. तिने तातडीने मुंगसाला बोलावणं पाठवलं. या कामात मुंगसाचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं. जो सापाला बिळातून ओढून काढतो, तो व्हायरसला काय भिणार?

"काकू, दोन राखणदार बसवतो," कॉम्प्युटरसमोर बैठक मारत मुंगूस म्हणाला. "पहिला फायरवॉल. हा दारावर उभा राहणार. इंटरनेटवरून कोण आत येतंय, कोण बाहेर जातंय, ओळख पटल्याशिवाय सोडणार नाही."

"हे तू मला शिकवतोस?" कावळी म्हणाली. "या उंबराखालून मांजर नुसतं गेलं ना, तरी मी त्याचं टाळकं फोडते. बसव, बसव."

"आणि दुसरा अँटिव्हायरस. हा घरात बसणार. जे आत येईल ते हुंगणार, आधीपासून आत असलेलंही रोज एकदा तपासणार. काय आहे काकू, सगळेच चोर दारातून येत नाहीत. काहींना आपणच कडेवर बसवून आणतो."

कावळीला हे आवडलं नाही. "घरातलं हुंगायचं? माझ्या घरट्यात आहे ते माझं. मी नाही बाई असला संशय घेत."

"तेच तर म्हणतोय! रागावू नका, पण दरवर्षी त्या कोकिळेचं अंडं कोण उबवतं?"

झालं! शेजारच्या फांदीवरची खार शेंग कुरतडायची थांबली. असं तोंडावर बोलतात का कुणाला? पण खोटं काय होतं त्यात? साऱ्या कावळ्यांची ही तऱ्हा आहे. बाहेरच्याला झाडाजवळ फिरकू देणार नाहीत, आणि आपल्याच पोटाखाली कुणाचं अंडं आहे, ते वाकून बघणार नाहीत. एकदा घरट्यात आलं की आपलं. कोकिळेचं सगळं कुटुंब त्या एका खोडीवर पोसलं गेलंय.

"दोन्ही बसव," कावळी शेवटी म्हणाली, "पण तोंड आवर."

मुंगसाने दोन्ही बसवले. जाता जाता म्हणाला, "काकू, कोपऱ्यात ही हिरवी खूण आहे, ती लाल झाली तर मला हाक मारा. आणि बाहेरून आणलेलं काहीही तपासल्याशिवाय जोडू नका. अजून एक, धाकट्याच्या आवाजाची एक प्रत दुसरीकडे असू द्या. हवं तर माझ्या बिळात ठेवतो."

"माझ्या लेकराचा आवाज तुझ्या मातीच्या बिळात? ऊठ, चालायला लाग!"

मुंगूस गेला. जाताना तो पुटपुटत होता, "भलाईचे दिवसच नाहीत."

त्या संध्याकाळी कावळीने नेहमीसारखा आवाज लावला. अँटिव्हायरसची रोजची तपासणीही नेमकी तेव्हाच सुरू झाली. कॉम्प्युटर जुना होता, त्याला एका वेळी दोन कामं झेपेनात. आवाज अडखळू लागला.

"आ… आई… आ… लीस?"

कावळी दचकून मागे सरकली. तुम्हाला आठवतंय ना, धाकटा शेवटच्या दिवसांत कसा बोलायचा ते? अगदी तसा आवाज. जो आवाज विसरायला ती हा कॉम्प्युटर लावत होती, तोच आता त्यातून येत होता. दुसऱ्या संध्याकाळी तसंच, तिसऱ्या संध्याकाळीही तसंच. घरी यायची वेळ झाली की ती वाटेतच रेंगाळायची.

"अगं, तो हुंगणारा घरात बसल्यापासूनच हे अडखळतंय ना? बंद करून टाक मग त्याला," खार म्हणाली. "माझ्या भाच्यानेही बंद केलाय. काही होत नाही."

"आणि साथ?"

"अगं, दारावरचा आहे ना उभा! तो राहू दे. घरातल्याची कटकट कशाला? तू काय कुणाला आत घेणार आहेस?"

कावळीला ते पटलं. पटणारच, तिला तेच ऐकायचं होतं. खारीने जागा दाखवली, कावळीने चोच टेकवली, आणि घरातला राखणदार झोपी गेला. कोपऱ्यातली खूण लाल झाली. "तुमचा कॉम्प्युटर असुरक्षित आहे," असं तिथे लिहून आलं. मिटवलं की पुन्हा यायचं. कावळीने काय करावं? तिने उंबराचं एक कोवळं पान खुडलं, देठाशी आलेला पांढरा चीक पडद्याला लावला आणि ते पान बरोबर त्या खुणेवर चिकटवून टाकलं. दृष्टीआड सृष्टी! मग तिने आवाज लावला.

"आई, आलीस? काय आणलंस?"

खणखणीत. एकही अक्षर अडखळलं नाही. कावळी इतकी सुखावली की त्या दिवशी ती जेवायचंही विसरली.

बरेच दिवस काहीच झालं नाही. असं काही होत नाही ना, तेव्हाच आपण शहाणे ठरलो असं वाटायला लागतं. पान सुकलं की कावळी नवं लावायची. मुंगूस वाटेत भेटला आणि म्हणाला, "काय काकू, खूण हिरवी आहे ना?" तर ही म्हणाली, "हिरवीगार आहे." पान हिरवंच होतं म्हणा.

मग एकदा गावातल्या एसटी स्टँडच्या पायरीपाशी तिला एक वस्तू दिसली. बोटाएवढी, चांदीसारखी लखलखीत, एका टोकाला छोटंसं कडं. पेनड्राइव्ह होता तो. कुणाचा पडला, की कुणी मुद्दाम टाकला, देव जाणे. कावळीने तो उचलला आणि सरळ घरची वाट धरली. इतकी देखणी वस्तू तिला आजवर मिळाली नव्हती. धाकटा असता तर त्याने ती दिवसभर चोचीतून खाली ठेवली नसती.

"आई, आलीस? काय आणलंस?"

"आले रे राजा. बघ तर काय आणलंय!" आणि आज नुसतं पडद्यापुढे ठेवून तिचं समाधान होईना. ही वस्तू कॉम्प्युटरला जोडता येते, हे तिने पोपटाकडे पाहिलं होतं. तिला वाटलं, आपण आणलेलं एखादं तरी खेळणं त्याच्यापर्यंत पोचेल. अहो, वेडेपणाच तो. पण आईचा वेडेपणा होता. तिने पेनड्राइव्ह जोडला.

दारावरचा फायरवॉल जागा होता, सावध होता, आणि गप्प होता. त्याने काय करावं? त्याचं लक्ष इंटरनेटच्या वाटेवर होतं. हा चोर त्या वाटेने आलाच नव्हता. त्याला घरच्या मालकिणीनेच चोचीत धरून आत आणलं होतं. आणि आत आल्यावर जो हुंगणार होता, त्याला तिनेच झोपवलं होतं.

आधी आवाज थांबला. मग फायलींची नावं एकेक करून बदलायला लागली. 'धाकट्याची गाणी' होतं तिथे वेडीवाकडी अक्षरं आली. 'खारीशी भांडण' गेलं. कावळीने पेनड्राइव्ह उपसून फेकून दिला, पण आता त्याची गरजच उरली नव्हती. ती पडद्यावर चोच मारत सुटली, कुणी शत्रू झाडाजवळ आल्यावर मारायची तशी. पण हा शत्रू काचेपलीकडे होता. तिच्या डोळ्यांदेखत शेवटची फाइल गेली. "अरे, सोड रे! तेवढी एक सोड!" असं ती ओरडत होती.

मुंगूस धावत आला. त्याने खटपट करून कॉम्प्युटर साफ केला, व्हायरस मुळापासून उपटला. पण मोडलेल्या फायली काही जुळेनात. एकेक उघडून बघितली, आतून नुसती खरखर यायची. कावळी प्रत्येक वेळी मान पुढे करायची आणि प्रत्येक वेळी मागे घ्यायची.

"काकू, हे आता परत यायचं नाही," शेवटी मुंगूस म्हणाला. मग त्याचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. त्याने पान सोलून काढलं. खाली लाल खूण होती. "तुम्ही बंद केला होतात?"

"त्याचा आवाज अडखळायचा रे," कावळी म्हणाली. तिचा नेहमीचा कर्कश सूर कुठल्या कुठे गेला होता. "रोज संध्याकाळी. तो जाताना बोलायचा ना, तसा. मला ते ऐकवेना."

मुंगसाने ते सोललेलं पान हळूच खाली ठेवलं. 

"काकू, तपासणीची वेळ संध्याकाळची मीच लावली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही तेव्हा दमून पडत असाल. वेळ बदलता येते. दुपारी तुम्ही गावात असता, तेव्हाची करून दिली असती. त्याला कितीसा वेळ लागणार होता? तुम्ही एका शब्दाने मला सांगायचं होतंत. आणि मीही एका शब्दाने विचारायला हवं होतं."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

खार आपल्या ढोलीत शिरली, ती त्या दिवशी बाहेर आलीच नाही. तिलाही वाईट वाटलं होतं हो, पण सल्ला देणाऱ्याचं काय जातं? ज्याचं जातं त्याचं जातं.

मुंगसाने दोन्ही राखणदार पुन्हा बसवले आणि तपासणीची वेळ दुपारची केली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! आता रोज दुपारी अँटिव्हायरस तो कॉम्प्युटर इमानेइतबारे तपासतो. तपासायला फारसं काही नसतं, त्यामुळे काम चटकन होतं. संध्याकाळी कावळी परतते, तेव्हा कोपऱ्यात हिरवी खूण असते आणि पडद्यावर लिहिलेलं असतं, "सर्व काही सुरक्षित आहे."

कावळी ते वाचते. मग रिकामी चोच उघडून म्हणते, "आले रे राजा."

तात्पर्य : दारावर कितीही कडक पहारा ठेवा, आपण स्वतः आत आणतो ते तपासणारा घरातही हवाच. त्याचा जाच झाला तर त्याला झोपवू नका, जाणत्याला विचारून वाट काढा. कारण गेलेली वस्तू नुसत्या पश्चात्तापाने परत येत नाही.