कौतिकेचा पान्हा

पूर्णेच्या काठी चिंचखेड नावाचं गाव. तिथल्या चिंचेच्या बनात, जेमतेम ओसरीएवढ्या मठात सोमगीर महाराज राहत. महाराज प्रत्येक बाईला ‘माय’ म्हणत, मग ती देशमुखीण असो की गोवऱ्या थापणारी. देवालाही ते मायच म्हणत. ती पाजते म्हणून जग जगतं, एवढंच त्यांचं कीर्तन!

मठाचं अंगण कौतिका सारवायची. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि हिला घराबाहेर काढलं. पण बाईचं तोंड कधी आंबट नाही. कुणी कीव केली की म्हणायची, माह्यी माय हाये ना वरती, मले काय उणं? कृष्णाबाई देशमुखिणीला त्याचंच हसू यायचं. पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणे, कूस कोरडी ठणठणीत, अन् हिले माय पाहिजे!

देशमुखिणीचं घर नाहीतरी भरलेलंच, त्यात नातू झाला. बारशाला अख्खं गाव लोटलं. लेकुरवाळ्या पाळण्याभोवती बसल्या आणि बाळ पाळण्याखालून, पाळण्यावरून या हातातून त्या हातात फिरू लागलं. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!’ आता ऐकणाऱ्याला वाटणारच ना, त्या ‘कुणी’त आपणही आलो? घुगऱ्यांसाठी दाराशी थांबलेल्या कौतिकेचे हात नकळत पुढे झाले.

देशमुखिणीने ते फाटकन झटकले. “वांझेचे हात लावते वं माह्या नातवाले? सुनेचं दूध आटन!”

बायका पदराआड हसल्या. कौतिकेने हात पदरात गुंडाळले आणि खाली बघत म्हणाली, “बाईसाब, मी आपली माह्या मायच्या वतीनं धरत होती.”

त्याच आठवड्यात सून तापाने फणफणली आणि तिचं दूध खरोखरच आटलं. गाईचं दूध बोळ्याने पाजलं, बाळाने ओकून टाकलं. शेळीचंही टिकेना. शेजारच्या ओल्या बाळंतिणी आल्या, तर बाळ त्यांच्यापासून तोंड फिरवी. रडणं मांजराच्या पिलासारखं झालं, मग तेही थांबलं. घरात सगळे म्हणू लागले, त्या वांझेचीच दृष्ट! देशमुखीणही मान हलवायची. पण आतून तिला पक्कं ठाऊक होतं, दूध आटण्याचा शब्द कौतिकेच्या तोंडातून निघालाच नव्हता. तो तिचा स्वतःचा होता. घास तोंडात फिरायचा, पण गिळवायचा नाही.

शेवटी भर दुपारी बाळाला पदरात घेऊन ती अनवाणी मठात गेली. मागोमाग घरातल्या आणि शेजारच्या बायका. कौतिकेने दृष्ट लावली, असं सांगायचं ती वाटभर घोकत होती. पण समोर कौतिका अंगण सारवत होती आणि शेणाने भरलेले तेच दोन हात दिसले. देशमुखीण महाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

“महाराज, मीच बोलली,” ती पुटपुटली. “माह्याच तोंडानं.”

महाराज रागावले नाहीत. म्हणाले, “माय, दूध त्या वरच्या मायचं. आपण साऱ्या नुसत्या वाट्या. वाटीनं वाटीला कोरडी म्हणावं का? जा, बारसं अर्धं राहिलंय, ते पुरं कर.”

ती समजली आणि तिची कानशिलं तापली. ज्यांच्यासमोर हात झटकले, त्याच बायका मागे उभ्या होत्या. जमीन दुभंगती तर बरं! पण बाळाचे ओठ पार सुकले होते. तिने बाळ दोन्ही हातांवर पुढे धरलं.

“कुणी गोविंद घ्या...” तिने कौतिकेकडे पाहिलं. “कौतिके, गोपाळ घे वं बाई.”

कौतिकाच मागे सरली. “माह्यापाशी काय हाये, महाराज? लेकराले उगाच फसवू?”

“तुझी माय आहे ना?” महाराज हसून म्हणाले.

मग ती हात धुऊन आली, चिंचेच्या सावलीत बसली आणि बाळाला पदराखाली घेतलं. बायका पुढे सरकल्या. आणि आवाज आला, घुटुक, घुटुक! अहो, जिची कूस कधी उजवली नाही, तिला पान्हा फुटला होता! चोळी भिजली, थेंब सारवलेल्या अंगणात पडले. तिकडे सुनेचा ताप त्याच घटकेला उतरू लागला, हे मागाहून कळलं. धन्य ती जगाची माय!

देशमुखिणीला मान वर करवेना. ती महाराजांच्या पायांकडे वाकली, तर महाराजांनी पाय मागे घेतले आणि नुसतं चिंचेकडे पाहिलं. ती तशीच सरकत तिकडे गेली आणि कौतिकेच्या शेणाने माखलेल्या पावलांवर तिने डोकं ठेवलं.

“नका बाईसाब, नका,” कौतिका कळवळली. पण अडवणार कशी? तिचे दोन्ही हात गोपाळाने भरले होते.