ठकूच्या शिवीचा खडक

कुसळवाडीच्या काळओढ्यात मधोमध एक खडक उभा आहे, वरपासून खालपर्यंत चिरलेला. तो विजेनं फुटला असं शाळेचे मास्तर सांगतात. मास्तर परगावचे. गावातलं कुणीही सांगेल, तो ठकूबाईच्या शिवीनं फुटला.

त्या काळी कुसळवाडीत शिवीवाचून घास उतरत नसे म्हणे. आई लेकराला उठवी ती शिवी देऊन, पाव्हण्याला घोंगडी टाकत तीही शिवी देऊनच. त्यात राग नसे. पण बाहेर नाव गेलेलं, गावच्या पोरींना कुणी मागणी घालीना. ठकूची गवरा बिनलग्नाची राहायची वेळ आली, तेव्हा कुठं ओढ्यापलीकडच्या पांढरमाळचं स्थळ आलं. वरमाय सोनुबाई भारी सोवळ्या तोंडाची. तिनं बजावलं, "एक शिवी कानावर आली, तर पोरगी त्याच पावली माघारी."

ठकूनं सगळ्या गावाला मरीआईपुढं भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली, पोरगी सासरी पोचेपर्यंत शिवी नाही. शिव्या गिळून गिळून माणसांची पोटं फुगली. वैद्याचा ओवा संपला. सोनुबाई मांडवभर टोचत फिरत होती. "भाजीत मीठ नाही, विहीणबाई. तेही तोंडातच धरून ठेवलंय का?" ठकू पदर चावत हसली. लग्न लागलं.

शपथ सगळ्यांनी घेतली. बैलांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

वऱ्हाड आधी ओढा ओलांडून गेलं. मागून ठकूच्या गाडीतून नवरानवरी निघाली. हाकायला ठकूचा भाऊ. गाडी ऐन ओढ्यात, खडकाजवळ आली आणि बैल थांबले. जन्मापासून शिवीवर चाललेली जनावरं ती. भाऊ म्हणतोय, "चला महाराज, चला राजे," आणि बैल मागं वळून बघताहेत, हा कोण नवीन माणूस! तेवढ्यात वरच्या अंगानं लोंढा आला. पाणी बघता बघता चाकं गिळायला लागलं. गवरा ओरडली, "आये!"

पलीकडं सोनुबाई डोळे वटारून उभी, अलीकडच्या काठावर ठकू. तोंड उघडावं तर लेक माघारी आणि वर देवीचा कोप. मिटावं तर लेक-जावई पाण्यात. ठकूनं मरीआईच्या दिशेनं एकदा हात जोडले आणि पदर खोचला.

ती शिवी काय होती, ते बायका सांगत नाहीत आणि पुरुषांना नीट येत नाही. बैलांच्या सात पिढ्या तिच्यात होत्या, एवढंच कळतं. बैल उधळले, गाडी एका दमात पलीकडच्या काठावर गेली. देवीचा कोप खडकानं अंगावर घेतला. काडकन उभा चिरला.

सोनुबाई किंचाळली, "शिवी दिलीस! ने तुझी पोरगी!"

ठकू अलीकडून म्हणाली, "बैलांना दिली, विहीणबाई. तुम्हाला लागली का?"

सगळं वऱ्हाड सोनुबाईकडं बघायला लागलं. हो म्हणावं तर बैलांत जमा. तिनं मुकाट्यानं सुनेचा हात धरला. त्या दोघी विहिणी पुढं मरेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत, असं सांगतात.

आता कुसळवाडीत शिवी दिली तर म्हाताऱ्या कान पिळतात. शहरात शिकणारी पोरं फोनवर खुशाल देतात, ते वेगळं. पण आजही नवरीची जीप पुलावर खडकासमोर थांबते. चांगली शिकलीसवरलेली आई खाली उतरते, पदर खोचते आणि ठकूची शिवी हासडते. सासरची मंडळी आत माना खाली घालून बसतात. बैल कुठं आहेत, असं त्यांच्यातलं कुणी विचारत नाही.