येसूची मापाची काठी

फार फार जुनी गोष्ट आहे. ऐकणारा नातू असो की आजोबा, दोघांनाही पुरेल एवढी आहे, तेव्हा नीट सावरून बसा.

डोंगराच्या पायथ्याशी एक राजधानी होती. तिथे सुतारांची आळी वेगळी, विणकरांची वेगळी आणि तांबटांची वेगळी. खंडेनवमीला प्रत्येक आळीत चौरंग मांडत आणि प्रत्येक कारागीर त्यावर आपलं एकच हत्यार पूजेला ठेवी. ज्याचं हत्यार कुठल्याच चौरंगावर नाही, त्याने दसऱ्याला गाव सोडायचं, असा तिथला नियम होता. शिकाऊ माणसाला तेवढी सूट असे.

या गावात येसू नावाची बाई होती. ती आधी सुतारकाम शिकली. पण पाट तयार झाला, की बसणाऱ्याला तो टोचतो का, हे बघायची तिला भारी खोड. टोचतो असं दिसलं, म्हणून ती आसनं विणायला शिकली. पाटाच्या कडा फुटतात असं दिसलं, म्हणून तांब्याच्या पट्ट्या ठोकणं शिकायला तांबटांकडे गेली. तिन्ही कामं तिला चांगली येत, पण एकाही आळीत ती पहिली नव्हती. लोक तिला ‘तीन घरची पाहुणी’ म्हणून चिडवत.

यंदा तिचं शिकणं संपलं होतं. कारागिरांचे प्रमुख रावजी सुतार तिला म्हणाले, “येसू, नवमी चार दिवसांवर आली. एक हत्यार धर, बाकीची टाक. सगळीकडे हात घालणाऱ्याला कुणी कारागीर म्हणत नाही.”

“दाजी, टाकू तरी कुठलं? तिन्हींवर सारखीच वर्षं घातलीत.”

“ते तुझं तू बघ. नाहीतर गाठोडं बांधायला घे.”

येसू घरी आली. सुताराची पटाशी, विणकराचा धोटा आणि तांबटाची हातोडी समोर मांडून बसली. एक हत्यार उचललं की दुसऱ्याकडे बघून ते परत खाली ठेवायची. गाव सोडायच्या विचाराने तिला रडू आलं, पण कुठलंही हत्यार टाकायला हात होईना.

तिकडे राजवाड्यात वेगळीच धांदल होती. राजमातेला नवमीला डोंगरावरच्या बहिणीकडे जायचं होतं. गुडघा धरलेला, म्हणून नवी पालखी करायला सांगितली होती. पेटी तीन हात लांब, दीड हात रुंद, वरची दांडी चार बोटं जाड. तेच माप तिन्ही आळ्यांना दिलं होतं.

अष्टमीला सगळं सामान वाड्याच्या चौकात आलं. पेटीवरची वेलबुट्टी बघत राहावी अशी. गादी मऊसूत, पेटी दांडीला अडकवायच्या तांब्याच्या कड्या आरशासारख्या. पण गादी पेटीत बसेना आणि कड्या दांडीवर चढेनात!

“गादीच मोठी केलीय,” रावजी म्हणाले.

“वा! पेटी आखूड करून वर आम्हालाच बोल?” विणकर उसळले.

तांबट म्हणाले, “आमच्या कड्या बरोबर चार बोटांच्या आहेत. दांडीच जाड आहे.”

राजमाता पायरीवर बसून हे ऐकत होत्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं. “म्हणजे उद्या माझी बहीण वाट बघत बसणार,” त्या म्हणाल्या.

गर्दीत उभी असलेली येसू पुढे आली. “कुणाचंच चुकलं नाही. सुताराच्या मुठीत कायम हत्यार असतं, म्हणून त्याचा मापाचा हात कोपरापासून मुठीपर्यंत. विणकर उघड्या पंजाने कापड सारखं करतो, म्हणून त्याचा हात बोटाच्या टोकापर्यंत. तांबट बोटं घट्ट मिटून मोजतो, सुतार सैल ठेवून. तिघांनी माप एकच ऐकलं आणि वेगवेगळं मोजलं.”

एवढ्या वर्षांत कुणी दुसऱ्या आळीत बसून मोजलंच नव्हतं.

सगळी दांडी बारीक करायला रावजींनी रंधा मागवला. “थांबा, दाजी,” येसू म्हणाली आणि राजमातेपाशी जाऊन बसली. “आईसाहेब, तुम्ही एरवी कशा बसता ते दाखवा ना.” राजमातेने दुखरा पाय लांब केला, गुडघ्याखाली उशी घेतली. मग येसूने पालखी वाहणाऱ्या भोयांना विचारलं, “चढावर सगळ्यात जास्त त्रास कशाचा?”

“बाई, कड्या दांडीवरून मागे सरकतात. सगळा भार मागच्यांवर येतो.”

येसू हसली आणि कुणी काय करायचं ते तिने सांगितलं. गादीची जास्तीची लांबी गुंडाळून विणकरांनी गुडघ्याखाली लोड शिवला, जास्तीची रुंदी दोन्ही बाजूंना वळवून उभी केली. दांडी जिथे कड्या येतात तिथेच रावजींनी तासून खाच केली. तांबटांनी कड्या उकलून खाचेत बसवल्या. त्या जागच्या हलेनात.

“दाजी, असं तासणं मला जन्मात जमायचं नाही,” येसू म्हणाली.

“आणि कुठे तासायचं ते मला सुचायचं नाही,” रावजी पुटपुटले.

संध्याकाळी येसूने एक काठी घेतली. तिच्यावर एक हात आणि चार बोटं अशा खुणा केल्या, तिन्ही आळ्यांना मान्य होतील अशा.

नवमीला सकाळी राजमाता पालखीतून डोंगर चढल्या. येसू मात्र उद्या दसऱ्याला गाव सोडायचं म्हणून गाठोडं आणि ती काठी घेऊन दारात उभी होती. तेवढ्यात रावजी आले आणि तिला वाड्याच्या चौकात घेऊन गेले. तिन्ही आळ्यांचे चौरंग तिथे एकमेकांना लावून मांडले होते, आणि एकावरही हत्यार नव्हतं.

“आधी येसूची काठी,” रावजी म्हणाले, “मग आमची हत्यारं.”

येसूने गाठोडं खाली ठेवलं आणि काठी चौरंगावर मांडली. पुढे त्या राजधानीत कुठलंही मोठं काम निघालं, की पहिलं बोलावणं तिला जायचं.

तात्पर्य: एकच काम खोल जाणणारे हवेतच, पण ती कामं जुळवून माणसाच्या उपयोगाला आणायला, अनेक कामं स्वतः केलेला माणूस लागतो.